पाळी जाते तेव्हा काय काय होतं

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'संगणक क्षेत्रातील संधी'. मी म्हटलं, अरे, त्या संधी आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहेत. मला आपल्या वयाबद्दल बोलू दे. आपल्या वर्गातल्या मुली (हो, मी मुलीच म्हणणार) आज पंचेचाळीस-सेहेचाळीसच्या आहेत. भारतात बायकांची पाळी कायमची थांबण्याचं सरासरी वय साधारण ४६-४७ धरतात. युरोप-अमेरिकेत ते ५१ च्या आसपास आहे. म्हणजे अभ्यासक्रमात आपला हा धडा आत्ता चालू आहे. फोनवर थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "अगं, समोर सर-बाई असतील." मी म्हटलं, बाई यातून गेल्या आहेत आणि सरांनी घरात पाहिलं आहे. अडचण कोणाला आहे?

मी डॉक्टर नाही. इंजिनिअर आहे, सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आज जे सांगणार आहे ते मी वाचलं आहे, माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घेतलं आहे आणि काही अंगावरून गेलं आहे.

आपल्या भाषेची एक गंमत बघा. चाळिशीला डोळ्यांवर चष्मा लागतो, तर आपण चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतो आणि चारचौघांत मिरवतो. त्याच चाळिशीत बाईच्या शरीरात जे दुसरं घडतं त्याला घरात शब्द नाही. पुस्तकात 'रजोनिवृत्ती' आहे, पण ते दहावीच्या जीवशास्त्रात चार मार्कांपुरतं. घरी आपण म्हणतो 'तिचं जायला आलंय'. काय जायला आलंय आणि जाताना ते काय काय करतं, हे कोणी सांगत नाही.

तर आधी व्याख्या. सलग बारा महिने पाळी आली नाही, गरोदरपण नाही, दुसरं काही कारण नाही, की शेवटच्या पाळीचा दिवस हा रजोनिवृत्तीचा दिवस. म्हणजे तो मागे वळूनच कळतो. पण खरा गोंधळ त्याच्या आधीच्या काळात असतो. तो साधारण चार वर्षांचा, कोणाचा दोन, कोणाचा आठ. अंडाशयातली बीजं संपत येतात आणि इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक कमी होतं. कमी होतं म्हणजे जिना उतरल्यासारखं नाही. एखाद्या महिन्यात ते नेहमीपेक्षा जास्त असतं, पुढच्या महिन्यात एकदम तळाला. हे संप्रेरक फक्त गर्भाशयाचं काम करत नाही. मेंदूतलं तापमानाचं केंद्र, झोप, हाडं, सांधे, रक्तवाहिन्या, लघवीची पिशवी, त्वचा, सगळीकडे त्याचा हात असतो.

आमच्या कामात असं होतं, की मागचा एक सर्व्हर डळमळतो आणि दहा वेगवेगळ्या स्क्रीनवर दहा वेगळ्या तक्रारी दिसतात. प्रत्येक टीम आपापली स्क्रीन दुरुस्त करत बसते. बाईचंही तसंच होतं. खांद्यासाठी हाडांचा डॉक्टर, धडधडीसाठी हृदयाचा, झोपेसाठी शेजारीण आणि चिडचिडीसाठी सासू.

माझंच सांगते. चव्वेचाळिसाव्या वर्षी हिंजवडीच्या ऑफिसात, वीस माणसांच्या मीटिंगमध्ये मला 'कॉन्फिगरेशन' हा शब्द आठवेना. रोज पन्नास वेळा उच्चारलेला शब्द. मी हातवारे करत 'ते सेटिंगचं ते' म्हणत राहिले. त्याच सुमारास छातीत धडधड व्हायला लागली. ईसीजी केला, नॉर्मल. उजवा खांदा आखडला, ब्लाऊजचे हूक लावता येईनात. व्यायाम लिहून दिले. पहाटे तीनला जाग यायची ती साडेपाचपर्यंत. तीन डॉक्टर झाले आणि तिघेही आपापल्या जागी बरोबर होते. पाळी येत होती, पण कधी चोवीस दिवसांनी, कधी चाळीस.

मग मी ऑफिसातलीच सवय वापरली. एखादी चूक सापडत नसली की आम्ही लॉग वाचतो, म्हणजे कधी काय झालं त्याची नोंद. मी एक तक्ता केला. तारीख, पाळी आली का, झोप किती, घाम, धडधड, मूड, खांदा. चार महिने भरला. तो घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी तो दोन मिनिटं पाहिला आणि म्हणाल्या, "हे सगळं एकच आहे." तरी त्यांनी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला लावलं. थायरॉइड ठीक होतं, हिमोग्लोबिन ९.८. म्हणजे थकव्याचं निम्मं कारण रक्तात होतं. हे मुद्दाम सांगते. एक कारण सापडलं म्हणून दुसरं नसतंच असं नाही.

आता लक्षणांकडे येते, आणि ती आपल्या डहाणू-तलासरीत ओळखू का येत नाहीत त्याकडेही.

सगळ्यात प्रसिद्ध लक्षण म्हणजे गरम वाफा. छातीतून उष्णता उठते, मानेवरून चेहऱ्यावर चढते, दोन-चार मिनिटं राहते, घाम फुटतो आणि नंतर थंडी वाजते. अमेरिकेतली बाई हे लगेच ओळखते, कारण तिच्या खोलीत गारवा असतो. आपल्याकडे समुद्राची दमट हवा. मे महिन्यात सगळा गावच घामाघूम. फुग्यांच्या कारखान्यात किंवा वीटभट्टीवर काम करणाऱ्या बाईनं घाम कशाचा म्हणून ओळखायचा? तर खूण अशी: ही वाफ बसल्या जागी येते, पंख्याखाली येते, जानेवारीच्या पहाटे येते, आणि जशी येते तशी जाते. उकाडा असा येऊन जात नाही. रात्री आली तर अंथरूण भिजतं आणि जाग येते. काही बायकांना हा त्रास वर्षभर होतो, बऱ्याच जणींना सात-आठ वर्षं, आणि काहींना होतच नाही. गरम चहा, तिखट, ताडी, दारू यांनी वाफ भडकू शकते. ताडीचा हंगाम आणि आपला त्रास यांची तारीख एकदा जुळवून बघा.

आपल्याला शिकवणाऱ्या एक बाई, नाव घेत नाही, त्या इथं समोरच बसून हसताहेत. आठवतं ना, थंडीत सगळ्या खिडक्या उघडायला लावायच्या आणि हजेरीपटानं वारा घ्यायच्या? गेल्या महिन्यात त्यांच्याशी बोलले. त्या म्हणाल्या, रात्रीच्या घामानं त्यांना वाटलं क्षय झाला. कोणाला न सांगता मुंबईला जाऊन छातीचा एक्स-रे काढला. क्षय नव्हता. वर्षभर मनात धसका मात्र राहिला, आणि स्टाफरूममध्ये बोलायला कोणी नव्हतं. मी त्यांना म्हटलं, बाई, एक्स-रे काढलात ते चांगलंच केलंत. रात्रीच्या घामाबरोबर दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप किंवा वजन उतरणं असेल, तर 'वयाचं आहे' म्हणून घरी बसायचं नाही, थुंकी तपासायचीच. आपल्या तालुक्यांत तर नक्कीच.

झोपेचं मला आपल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर कळलं. रात्री तीन वाजता मी जागी, आणि बघते तर चार जणी ऑनलाइन. एक बोईसरची, एक घोलवडची, एक वापीची, एक थेट दुबईची. सगळ्यांना वाटत होतं आपल्यालाच टेन्शन आहे. झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी चिडचिड, विसराळूपणा, विनाकारण रडू. गॅसवर दूध ठेवलेलं आठवत नाही, भाचीचं नाव ओठावर येत नाही. पुष्कळ जणी स्मृतिभ्रंशाला घाबरतात. तो बहुधा नसतो, आणि हा धुरकटपणा पुष्कळदा काही काळानं कमी होतो. पण उदासी दोन आठवडे हटत नसेल, जगावंसं वाटत नसेल, तर ते चिडचिडीच्या खात्यात टाकू नका. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी मोफत क्रमांक आहे, मराठीतून बोलता येतं.

सांध्यांचं दुखणं आपल्याकडे हमखास कामावर ढकललं जातं. बंदरावरून मावऱ्याची पाटी डोक्यावर नेणारी, लावणीला दिवसभर वाकलेली, वाडीत चिकू वेचणारी, सगळ्यांना वाटतं दुखणारच. कामानं दुखतंच. पण दोन्ही हातांची बोटं सकाळी आखडतात, खांदा वर जात नाही, आणि हे सगळं पाळी पुढंमागं व्हायला लागल्यापासूनचं आहे, तर ते डॉक्टरांना त्या क्रमानं सांगा.

आता ज्याबद्दल नवऱ्यालाही सांगितलं जात नाही ते. योनीमार्ग कोरडा पडतो, आग होते, संबंध दुखरे होतात. लघवी घाईची लागते, जळजळते, परत परत संसर्ग होतो. गरम वाफा पुढे कमी होतात, पण हा त्रास उपचार न केल्यास बहुधा वाढत जातो. आणि यावरचे उपाय त्यामानानं साधे आहेत: वंगण, मॉइश्चरायझर, डॉक्टरांनी दिलेलं कमी मात्रेचं इस्ट्रोजेनचं मलम. मुलांनो, मान खाली घालू नका, हे तुमच्यासाठीही आहे. बायको टाळते आहे म्हणजे तिचं मन उडालं असं नाही, तिला दुखतं आहे. डहाणूहून चर्चगेट लोकलनं जाणाऱ्या बायका तर घरून निघताना पाणीच पीत नाहीत, कारण लोकलमध्ये शौचालय नाही. आधीच कोरडेपणा, त्यात हे. संसर्गाला आणखी काय हवं?

एवढं सगळं सोसायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण एक लक्षण सोसायचं नाहीच.

माझी काकू तलासरीच्या बाजूची. तिनं सांगायची परवानगी दिली म्हणून सांगते. पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि एका पावसाळ्यात लुगड्याला डाग दिसला. शेजारणी हसल्या, म्हणाल्या, परत तरुण झालीस. लावणी होती, मग कापणी, मग दिवाळी. महिन्यातून एखादा डाग, धुऊन टाकायचा. आठ महिन्यांनी सुनेच्या लक्षात आलं. सोनोग्राफी, मग अस्तराचा तुकडा तपासला. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग. सुदैवानं पिशवीबाहेर गेला नव्हता. मुंबईला ऑपरेशन झालं. आज ती कोंबड्या सांभाळते आणि मला फोनवर ओरडते. बारा महिने बंद राहिल्यावर आलेलं रक्त, एक थेंब असला तरी, ही परत आलेली पाळी नसते. दहांपैकी नऊ जणींमध्ये कारण साधं निघतं, अस्तर पातळ झालेलं किंवा छोटी गाठ. पण दहावी आपण नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही.

पाळी जाण्याआधीच्या काळातही दोन गोष्टींना 'जायला आलंय' म्हणून सोडू नका: दर तासाला पॅड भिजेल असं जाणं आणि संबंधांनंतर रक्त येणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षय असलेल्या निघाल्या. त्यात हे असं महिनोन् महिने जात राहिलं तर राहतं काय अंगात?

आणि हो, बारा महिने पूर्ण होईपर्यंत दिवस राहू शकतात. ज्यांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं नाही त्यांनी दोन महिने पाळी चुकली की सुटलो म्हणू नये. त्या ऑपरेशननं पाळी लवकर जाते हाही गैरसमज. त्यात नळ्या बंद करतात, अंडाशय तसंच राहतं.

'पिशवीच काढून टाकू' हा सल्ला आपल्याकडे फार सहज मिळतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांचं प्रकरण आठवत असेल. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिथल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली, त्यांतल्या कित्येक तिशी-चाळिशीतल्या. पांढरं जातं, पोटात दुखतं, पाळीमुळे खाडा होतो, एवढ्यावरून. काही वेळा पिशवी काढावीच लागते, माझ्या काकूसारखी. पण बरोबर दोन्ही अंडाशयं काढली तर रजोनिवृत्ती चार वर्षांत हळूहळू येत नाही, त्याच आठवड्यात कोसळते. तरुण वयात तसं झालं तर हाडं आणि हृदय दोन्हींवर बोजा. तेव्हा कोणी पिशवी काढायला सांगितली तर दोन प्रश्न विचारा: दुसरा उपाय आहे का, आणि अंडाशय ठेवणार का. ते कागदावर लिहून घ्या. आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, मग त्यासाठी वलसाडला जावं लागो की पालघरला.

उपचारांबद्दल थोडक्यात, कारण ते ज्याचे त्याला डॉक्टरांनी ठरवायचे. संप्रेरकांच्या गोळ्यांना आपण घाबरतो त्याचं मूळ २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आहे. त्यात स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढलेला दिसला. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, त्रास खूप असेल, तर फायदा बहुधा जास्त ठरतो असं आता तज्ज्ञ मानतात. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील, यकृत बिघडलं असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर ती वाट नाही. संप्रेरकांशिवायची औषधंही आहेत. फक्त ते मोबाईलवर दिसणारे 'हार्मोन बॅलन्स'चे डबे मागवू नका. त्यात काय आहे हे डब्यावर वाचून मलाही कळलं नाही, आणि मी दिवसभर न कळणाऱ्या गोष्टीच वाचते.

हाडांसाठी आपल्या घरात जे आहे ते पुष्कळ आहे. नागलीची भाकर, काट्यासकट खाल्ली जाणारी छोटी सुकी मासळी, सकाळचं ऊन. पाळी गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं झपाट्यानं विरळ होतात. चालणं चांगलंच, पण वजन उचलण्याचा व्यायामही हवा. पाटी उचलणारीला हे सांगायची गरज नाही. खुर्चीत बसून कोड लिहिणारीला आहे.

त्या कुटुंब आरोग्य पाहणीत बायका एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंतच मोजल्या जातात. आशाताईंच्या वहीत गरोदर, बाळंतीण, लस यांचे रकाने भरगच्च. पाळी जात असलेल्या बाईसाठी विचारणारं कोणी घरी येत नाही, तिला स्वतःच जावं लागतं. उपकेंद्रावर तिशीनंतरच्या सगळ्यांसाठी रक्तदाब, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी असते. तिथं जाताना हाही विषय काढा. पुढे तलासरीचं ग्रामीण रुग्णालय, कासा आणि डहाणूचं उपजिल्हा रुग्णालय आहे. पंचेचाळिशीनंतर हे ओळखायला महागड्या संप्रेरक तपासण्या सहसा लागतच नाहीत. वय, पाळीच्या तारखा आणि तक्रारी नीट सांगितल्या तर पुरतं. चाळिशीच्या आतच पाळी थांबली असेल तर मात्र तपासण्या हव्यातच, आणि लवकर.

माझ्या त्या तक्त्याच्या शंभर प्रती काढून आणल्या आहेत. दाराजवळच्या टेबलावर, चिकूच्या टोपलीशेजारी ठेवल्या आहेत. ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांच्यासाठी मागच्या बाजूला नुसते चौकोन आहेत. पाळी आली तर भरीव ठिपका, घाम आला तर फुली, झोप नाही तर आडवी रेघ. घरी आई, सासू, मोठी वहिनी, कामाला येणाऱ्या मावशी, ज्यांना लागेल त्यांना द्या. मुलांनीही घ्या एकेक. आणि बाई, तुमच्यासाठी पंख्याखालची खुर्ची राखून ठेवली आहे.